थर्मोप्लास्टिक फिल्मने कार्बन फायबर जोडताना या चुका टाळा

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना किंवा कॉलेजच्या रेसिंग टीममधल्या मुलांना ग्लूऐवजी थर्मोप्लास्टिक फिल्म (गरम केली की वितळणारा, थंड झाली की घट्ट होणारा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) आवडते, आणि ते साहजिक आहे. रेझिन-हार्डनर मोजायला नको, डब्यातलं मिश्रण घट्ट व्हायच्या आत संपवायची घाई नको. पण जॉइंट सुटतो तेव्हा बहुधा फिल्मला दोष दिला जातो. मूळ गडबड उष्णतेत असते किंवा ओलाव्यात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लॅमिनेट (कार्बन तंतूंचे थर एपॉक्सी रेझिनमध्ये बसवून केलेला पार्ट) न बघता फिल्म निवडणे. पीए-६ नायलॉनची फिल्म वितळते सुमारे 220 अंश सेल्सियसला. खोलीच्या तापमानाला क्युअर केलेलं, म्हणजे कडक होऊ दिलेलं एपॉक्सी त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडतं, पार्ट वाकतो. अशा पार्टला माझ्या मते सरळ ग्लूच वापरावा. 180 अंशांना क्युअर होणाऱ्या एपॉक्सीचं गणित वेगळं आहे. तिथे ले-अपच्या वेळीच, म्हणजे थर रचतानाच, वरच्या थरावर पीईआय (पॉलिइथरइमाइड, एक थर्मोप्लास्टिक) फिल्म ठेवा. क्युअर होताना एपॉक्सी आणि पीईआय एकमेकांत मिसळतात, मग असे दोन पृष्ठभाग वेल्ड करता येतात, म्हणजे वितळवून एकमेकांना जोडता येतात. तयार, कडक झालेल्या एपॉक्सीवर नुसती फिल्म वितळवली, तर असं मिसळणं होत नाही.

नायलॉन हवेतला ओलावा ओढून घेतो. जून ते सप्टेंबर पुण्याची हवा कशी असते ते सांगायला नको. उघडा राहिलेला रोल तसाच वापरला की गरम होताना वाफ होते आणि जॉइंटमध्ये बुडबुडे अडकतात. फिल्म 80 अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये काही तास सुकवा आणि लगेच वापरा. लॅमिनेटही सुकवा, एपॉक्सीसुद्धा पाणी धरतं.

जोडताना गरम करून दाबणाऱ्या प्रेसच्या डिस्प्लेवर विसंबू नका. तो प्लेटचं तापमान दाखवतो, आणि कार्बन तंतू उष्णता लांबवर वाहून नेतात, त्यामुळे जॉइंटच्या कडा थंड राहतात. बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जॉइंटच्या कडेला, दोन्ही भागांच्या मध्येच बसवा. वितळल्यावर दाब लगेच काढू नका; फिल्म पूर्ण घट्ट होईपर्यंत तो राहू द्या, नाहीतर थर उकलतात.

सिलिकॉन रिलीज एजंट (पार्ट साच्याला चिकटू नये म्हणून लावतात तो) लागलेला पृष्ठभाग काहीच धरत नाही. घासण्याआधी पुसा आणि घासल्यानंतरही, प्रत्येक वेळी नव्या कापडाने.

खरा पार्ट जोडण्याआधी त्याच मटेरियलचा छोटा तुकडा जोडून तोडा. एक बाजू गुळगुळीत, चकचकीत निघाली तर तिथे फिल्म चिकटलीच नव्हती. लॅमिनेटचे तंतू उपटून आले असतील, तर तीच सेटिंग पार्टसाठी ठेवा.