लंडनमधील बैठ्या गांधीजींच्या दर्शनाला जाताना: सोलापूरकरांसाठी

मुलाकडे किंवा लेकीकडे लंडनला जाऊन येणारी मंडळी आता सोलापुरात पुष्कळ आहेत. राजवाडा, थेम्सवरचा पूल आणि ते मोठे घड्याळ पाहण्यात दिवस निघून जातात. ब्लूम्सबरी भागातील टॅव्हिस्टॉक स्क्वेअर नावाच्या बागेत जाणे मात्र राहून जाते. त्या बागेच्या मधोमध महात्मा गांधींचा पुतळा आहे, आणि आपल्या गावच्या माणसाने तरी तो पाहिल्याशिवाय परतू नये, असे मला मनापासून वाटते.

घरच्यांना ठिकाण सांगताना ‘बसलेले गांधीजी’ असे स्पष्ट सांगावे, कारण पार्लमेंट स्क्वेअरमध्ये २०१५ साली बसवलेला दुसरा पुतळाही आहे आणि तो उभा आहे. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधील मांडी घातलेला पुतळा फ्रेडा ब्रिलियंट या शिल्पकार बाईंनी घडवला असून, १९६८ साली तेव्हाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

येथून निघताना सुताचा एक हार बॅगेत ठेवावा. सुतावर जगलेल्या गावाने गांधीजींना वाहावे असे त्याहून योग्य दुसरे काही मला सुचत नाही. ताजी फुले मात्र येथून नेऊ नयेत, ती तिथेच विकत घ्यावीत.

हीथ्रो विमानतळावरून येणारी पिकॅडिली लाइन ही भुयारी रेल्वे थेट रसेल स्क्वेअर स्थानकावर थांबते. तिथे लिफ्टनेच वर यावे. गोल जिन्याला पावणेदोनशे पायऱ्या आहेत आणि ज्येष्ठांनी त्या वाटेला जाऊ नये. बाहेर आल्यावर वोबर्न प्लेस या रस्त्याने उत्तरेकडे काही मिनिटे चालले की बाग लागते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

पुतळ्याजवळ गेल्यावर लगेच फोटोला उभे राहू नये. अंगावर पंचा, खाली झुकलेली नजर आणि चौथऱ्यात खास फुलांसाठी ठेवलेली पोकळ जागा आधी नीट पाहावी. हार गळ्यात घालण्यासाठी चौथऱ्यावर चढू नये. तो त्या पोकळीत ठेवावा. मग जवळच्या बाकावर बसून नातवंडांना आपल्या गावाची हकीकत सांगावी. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी येताच सोलापूर पेटून उठले, गोळीबार झाला, शहरावर मार्शल लॉ लादला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. त्याच वर्षी गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले होते. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या आजोबांनी हे त्या बाकावर सांगितले, तर नातवंडांना ते पाठ करावे लागणार नाही.

याच बागेत हिरोशिमातील मृतांच्या स्मरणार्थ १९६७ साली लावलेले चेरीचे झाड आहे, आणि युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांच्या स्मृतीची शिळाही आहे. तिथेही क्षणभर थांबावे. शक्य असल्यास २ ऑक्टोबरला जावे, कारण त्या दिवशी बागेत गांधीजींना पुष्पहार वाहण्याचा कार्यक्रम असतो. हिवाळ्यात जाणार असाल तर दुपारी दोनपर्यंत पोहोचावे. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास अंधार पडतो आणि अंधार पडला की बाग बंद होते.