स्प्रिंट कारचा जुना काळ आणि आजचा काळ यांची तुलना कशी करावी

अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या नॉक्सव्हिल गावी ऑगस्टमध्ये ‘नॅशनल्स’ ही स्प्रिंट कारची, म्हणजे मातीच्या छोट्या लंबगोल ट्रॅकवर धावणाऱ्या हलक्या आणि ताकदवान शर्यतीच्या गाड्यांची, सर्वांत मानाची शर्यत भरते. त्या वेळी प्रेक्षागृहात एक वाद हमखास रंगतो: जुन्या पिढीचा चालक स्टीव्ह किन्सर मोठा की नंतरचा डॉनी शॅट्झ, आणि खऱ्या शर्यती तेव्हाच्या की आजच्या? पुण्याहून नोकरीनिमित्त इंडियानातील कोलंबसला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या कानांवरही हा वाद कधीतरी पडत असेल, कारण किन्सरचे ब्लूमिंग्टन तिथून मोटारीने तासाभरावर आहे. वाद मिटवण्याचे काही कारण नाही. मात्र तो नीट घालायचा असेल तर पुढील पद्धत उपयोगी पडेल.

प्रथम, कशाची तुलना कशाशी करायची ते ठरवावे. स्प्रिंट कार म्हणजे ४१० घनइंचांचे मेथॅनॉलवर चालणारे व्ही-८ इंजिन, सुमारे ९०० अश्वशक्ती, चालकासह जेमतेम १,४०० पौंड म्हणजे साधारण ६३५ किलो वजन, गिअरबॉक्स नाही, स्टार्टर नाही, मागून ट्रकने ढकलल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. दुरून पाहणाऱ्याला चाळीस वर्षांत काहीच बदलले नाही असे वाटते, आणि फसगत इथेच होते. छतावर पंख, म्हणजे हवेच्या दाबाने गाडीला जमिनीशी दाबून ठेवणारी फळी, असलेली गाडी आणि बिनपंखाची गाडी यांची शर्यत वेगळी, तंत्र वेगळे. त्यांना एका तराजूत घालू नये. त्याचप्रमाणे टेड जॉन्सन यांनी १९७८ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ ही देशभर फिरणारी मालिका सुरू केली, त्याआधीचा काळ स्वतंत्र मानावा. त्यापूर्वी चांगले चालक बक्षिसाच्या मागे राज्याराज्यांत फिरत असत आणि त्यांना एकत्र मोजणारी गुणतालिकाच नव्हती.

यानंतर अजिंक्यपदांचा हिशेब घ्यावा, पण नुसता आकडा घेऊ नये. किन्सरची आउटलॉज अजिंक्यपदे २० आणि शॅट्झची १०, एवढे सांगून वाद संपवणारे बरेच भेटतात. प्रत्येक वर्षापुढे त्या हंगामात कोण कोण हजर होते आणि कोण नव्हते हे लिहून पाहिले की चित्र पालटते. १९८९ मध्ये किन्सर प्रतिस्पर्धी मालिकेत गेला आणि आउटलॉजचे विजेतेपद बॉबी डेव्हिस ज्युनियरला मिळाले. १९९५ मध्ये तो काही काळ नॅस्कारकडे, म्हणजे स्टॉक कारच्या शर्यतींकडे, वळला आणि डेव्ह ब्लेनी विजेता ठरला. २००६ मध्ये पुन्हा फूट पडली, किन्सर दुसऱ्या मालिकेत गेला आणि शॅट्झचे पहिले अजिंक्यपद नेमके त्याच वर्षीचे आहे. २०२४ पासून काइल लार्सन आणि ब्रॅड स्वीट या चालकांची ‘हाय लिमिट’ मालिका देशभर फिरू लागली आणि लागोपाठ पाच वेळा आउटलॉज जिंकलेला स्वीट स्वतःच तिकडे गेला. ‘पूर्वी सगळे एका ठिकाणी धावत, आता खेळ फुटला’ ही तक्रार म्हणूनच अर्धवट खरी आहे. हा खेळ आधीही फुटला होता आणि पुन्हा सांधला गेला होता. समान मापच हवे असेल तर मालिकेपेक्षा नॅशनल्स पाहावे, कारण तिथे सगळ्या मालिकांचे चालक येतात. तिथे किन्सरचे विजय १२ आणि शॅट्झचे ११ आहेत. वीस विरुद्ध दहा आणि बारा विरुद्ध अकरा यांतले अंतर डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

बक्षिसाच्या रकमा सांगताना महागाई धरावी. ओहायोतील एल्डोरा या ट्रॅकवर १९८४ मध्ये पहिली ‘किंग्ज रॉयल’ शर्यत झाली, तेव्हा विजेत्याला ५०,००० डॉलर मिळाले. अमेरिकेतील किंमती तेव्हापासून जवळजवळ तिप्पट झाल्या आहेत, म्हणजे ती रक्कम आजच्या दीड लाखाच्या आसपास जाते. त्यामुळे अलीकडचे पावणेदोन लाखांचे बक्षीस आकड्याने मोठे दिसले, तरी चालकाच्या हातात पडणारी खरी वाढ बेताचीच आहे. २०२३ मध्ये त्याच ट्रॅकवर लोगन शूचार्टला दहा लाखांहून अधिक डॉलर मिळाले, ते अपवाद म्हणून बाजूला ठेवावेत.

सर्वांत जास्त वेळ मातीला द्यावा, आणि नेमके हेच बहुतेक जण करत नाहीत. तालमीतली माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन समजेल: ओल किती, माती किती खणली, किती दाबली, यावर पकड ठरते. संध्याकाळी पाणी मारलेला ट्रॅक चिकट असतो. गाड्या धावतात तशी सैल माती बाहेरच्या कडेला साचून तिचा बांध तयार होतो, त्याला चालक ‘कुशन’ म्हणतात, आणि मधला भाग वाळून गुळगुळीत होतो. मातीवर टायरचे रबर बसले की सर्वांना एकाच काळ्या पट्ट्यावरून जावे लागते आणि पुढच्याला मागे टाकणे जवळपास अशक्य होते. दोन काळांतल्या दोन शर्यती शेजारी ठेवण्याआधी त्या रात्री माती कशी होती हे विचारावे. पंखामुळे मागच्या गाडीला मिळणारी हवा गढूळ होते, हे खरे. परंतु कंटाळवाण्या शर्यतीचा सगळा दोष पंखाला देणारे बहुधा मातीकडे पाहत नाहीत.

जुन्या चित्रफितींपासून विशेष सावध राहावे. ऐंशीच्या दशकातल्या ज्या शर्यती आज पाहायला मिळतात त्या बहुतांशी गाजलेल्या शर्यती आहेत. कोणीतरी जपून ठेवाव्यात इतक्या त्या चांगल्या होत्या. आज मात्र इंटरनेटवर जवळपास प्रत्येक रात्र थेट दिसते, त्यात फिक्या रात्रीही आल्या. १९८७ च्या हंगामात किन्सरने ४६ मुख्य शर्यती जिंकल्या, यावरूनच त्या काळी कितीतरी रात्री निकाल आधीच ठरल्यासारखा असे हे उघड आहे. म्हणून निवडक क्षणांशी पूर्ण शर्यत जोडू नये. पूर्ण शर्यतीपुढे पूर्ण शर्यतच ठेवावी.

एका तक्रारीला मात्र माझा दुजोरा आहे. पूर्वी चालकाची कोपरे बाहेर दिसत, स्टिअरिंगशी चाललेली झटापट दिसत असे. आता डोके आणि खांदे वेढणाऱ्या आसनांमुळे आणि उंच कडांमुळे तो दिसेनासा झाला आहे. त्यातून जीव वाचतात, त्यामुळे तक्रार मनातच ठेवलेली बरी.

प्रत्यक्ष तुलना करताना एकच ट्रॅक आणि एकच शर्यत निवडावी, उदाहरणार्थ दोन वेगवेगळ्या दशकांतली एल्डोराची किंग्ज रॉयल. वहीत चार रकाने आखावेत: विजेता कितव्या क्रमांकावरून निघाला, आघाडी किती वेळा बदलली, अखेरीस पहिल्या गाडीपेक्षा एकही फेरी मागे न पडलेल्या किती गाड्या होत्या, आणि सुरुवातीचा क्रम कसा ठरला. चौथा रकाना टाळू नये, कारण वेगवान गाड्यांना मुद्दाम मागून सोडले की मागे टाकण्याचे प्रसंग आपोआप वाढतात आणि पुढून सोडले की घटतात. दोन्ही दशकांतल्या निदान पाच-पाच शर्यती भरून झाल्यावरच पुढच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या प्रेक्षकाशी बोलायला बसावे, आणि वही सोबत न्यावी.