टेबल सॉ बदलताय? मग या चुका टाळा

घरी लाकूडकाम करणारी पोरं सांगली-मिरजेत बरीच वाढलीत, बघून बरं वाटतं. पण दर महिन्याला कुणाचा तरी फोन येतो, "काका, छोटा टेबल सॉ विकून मोठा घेतोय, कुठला घेऊ?" टेबल सॉ म्हणजे टेबलातनं गोल ब्लेड वर आलेलं लाकूड कापायचं मशीन. मी विचारतो, आत्ताच्या सॉला काय झालंय? उत्तर ठरलेलं असतं, पॉवर कमी पडतीय. आणि बहुतेक वेळा पॉवर कमी पडतच नसते. तेच तेच सांगून मी दमलोय म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

आजार न बघताच मशीन बदलणं

विश्रामबागेतला एक पोरगा, १८०० वॅटचा दहा इंची सॉ, दीड इंच जाडीचं सागवान उभं, म्हणजे रेषांच्या दिशेनं, फाडताना कडा काळ्या पडायच्या, मोटर दबायची, धूर यायचा. पठ्ठ्या ३ एचपीच्या मशीनला ॲडव्हान्स द्यायला निघालेला. मी म्हणलं रविवारपर्यंत थांब, एक रुपया देऊ नको कुणाला.

गेलो तर ब्लेड ६० दातांचा. प्लायला तो एकदम बरोबर, पण सागवान उभं फाडायला २४ दातांचा ब्लेड लागतो, कारण दातांमधल्या खाचा मोठ्या असल्या तरच भुसा बाहेर पडतो, नाहीतर तोच भुसा आत घासत बसतो आणि तापतो. वर दातांच्या बुडाशी राळ चिकटून काळी झालेली. ही अर्धी गोष्ट.

उरलेली अर्धी फेन्समध्ये होती, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढं ढकलायचं त्या बाजूच्या पट्टीत. प्लग काढला, मायटरच्या खाचेला (टेबलावर ब्लेडला समांतर असते ती) धरून डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं गेज) लावला. एकाच दातावर मार्करनं खूण करायची, तो दात पुढं आणून माप घ्यायचं, मग ब्लेड हातानं फिरवून तोच दात मागं नेऊन परत माप घ्यायचं. वेगवेगळ्या दातांवर मोजलं तर दातांचाच फरक मापात येतो, आणि हीच चूक सगळे करतात. ब्लेड ठीक होता, ०.०५ मिमीचा फरक, त्याला हात लावायची गरज नाही. फेन्स मात्र मागच्या टोकाला पाऊण मिलिमीटर आत झुकलेला. म्हणजे लाकूड पुढं सरकेल तसं फेन्स आणि ब्लेडच्या मागच्या दातांमध्ये आवळलं जात होतं. जळणार नाही तर काय होणार? फेन्सचे दोन बोल्ट ॲलन कीनं सैल केले, मागचं टोक ब्लेडपासून जेमतेम ०.१ मिमी उघडं ठेवून आवळले, नवीन २४ दाती ब्लेड टाकला आणि तेच सागवान सरळ निघालं, मोटरीचा आवाजसुद्धा बदलला नाही. खर्च एका ब्लेडचा.

डायल नसेल तर मायटरच्या खाचेत घट्ट बसणारी लाकडी पट्टी घ्या, तिला एक स्क्रू मारा, स्क्रूचं डोकं दाताला टेकवा आणि मागं नेल्यावर राहणारी फट फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) मोजा. चालतंय. पण हे न करता नवीन मशीन घेणाऱ्याला मी सल्ला देत नाही, कारण नवीन मशीनपण हे सेटिंग मागणारच आहे आणि तो तिथंही करणार नाही.

आता बदलायचं कधी? फेन्स लॉक करूनही हलत असेल, रोज दोन इंची बाभूळ किंवा शिसव फाडायचं असेल, टेबल एवढं लहान की लाकूड बाहेर लोंबतंय, किंवा कार्बन ब्रशच्या मोटरीच्या किंचाळण्यानं शेजारी भांडायला येत असतील (बेल्टवर चालणारी इंडक्शन मोटर खरंच शांत असते), तर बदला, खुशाल बदला.

एचपी बघणं आणि फेन्स न बघणं

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, किती एचपी? अहो, मोटर लाकूड कापते, पण सरळ कापायचं काम फेन्सचं. फेन्स लॉक करा आणि मागच्या टोकाला अंगठ्यानं बाजूला ढकला. हलला तर मशीन कितीही दणकट असू दे, सोडून द्या. डीवॉल्टच्या ७४९२ सारख्या पोर्टेबल सॉला दात्यांच्या पट्टीवर चालणारा फेन्स असतो, दोन्ही टोकं एकदम सरकतात, उजवीकडं ८२५ मिमीपर्यंत माप मिळतं. जड मशीनवर टी-स्क्वेअर पद्धतीचा (पुढच्या दांडीवर टी आकारात बसणारा) फेन्स बघा. घरच्या कामाला चांगल्या फेन्सचा २००० वॅटचा सॉ वाईट फेन्सच्या ३ एचपीपेक्षा मी कधीही आधी घेईन.

वायरिंग

बुधगावकडं एकानं शेडमध्ये सिंगल फेज ३ एचपी बसवला, घरापासून ३० मीटर, वायर दीड स्क्वेअर एमएमची. मोटर नुसती हुंकारायची. अशी मोटर चालताना साधारण १४ ॲम्पिअर घेते पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, आणि एवढ्या लांब बारीक वायरीत त्या क्षणी पन्नासेक व्होल्ट वाटेतच जातात. त्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं. ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि स्वतंत्र एमसीबी, हे मशीन यायच्या आधी करा. थ्री फेज मशीन स्वस्तात मिळालं तर सिंगल फेजवर चालणारा २.२ किलोवॅटचा व्हीएफडी (सिंगल फेजचं थ्री फेज करून देणारा डबा) मिळतो, घाबरायचं कारण नाही.

रंग बघून जुनं मशीन घेणं

हे माझ्यावर बेतलेलं आहे, म्हणून लांबण लावणार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, निम्मी सांगली पाण्यात होती. त्यानंतर काही महिन्यांनी मला एक जुना बिडाच्या टेबलाचा सॉ मिळाला. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी, हिरवा रंग नवाकोरा, टेबल पॉलिश पेपरनं घासून चकचकीत. विकणारा म्हणाला मशीन कोरड्या गोडाऊनमध्ये होतं. दहा मिनिटं चालवून दाखवलं, मी टेम्पोत घालून घरी आणलं.

दोन आठवड्यांत बेअरिंग घरघरायला लागलं. ब्लेड ४५ अंशात तिरका करायला गेलो तर वीस अंशातच अडकला. खालचं दार काढून बॅटरी मारली आणि पोटात गोळा आला. तिरका करायच्या स्क्रूच्या आट्यांमध्ये राखाडी गाळ सिमेंटसारखा वाळलेला, टेबलाच्या खालच्या अंगाला गंजाचे खड्डे, मोटरीच्या पाठीमागं चिखलाची आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. मशीन पुरात बुडालेलं होतं आणि ते माझ्यापासून लपवलं होतं. बेअरिंगं बदलली, आर्बर (ब्लेड बसतो तो दांडा) कुपवाडला लेथवर साफ करून घेतला, मोटर रिवाइंडिंगला टाकली, तीन महिने गेले आणि मशीनच्या किमतीच्या निम्मा खर्च वर बसला. राग अजून गेलेला नाही.

२०२१ ला परत पूर आला, म्हणजे आपल्या भागात अशी मशिनं अजून फिरतायत. म्हणून आता मी जुनं मशीन बघायला जाताना बॅटरी, डायल आणि ॲलन की घेऊन जातो. रंगाकडं बघतच नाही, जिथं ब्रश पोचत नाही तिथं बघतो. स्क्रूच्या आट्यांत बोट फिरवतो. ब्लेड पूर्ण ४५ पर्यंत नेऊन परत ९० ला आणायला लावतो. बेल्ट काढून आर्बर हातानं फिरवतो, खरखर बोटाला लगेच कळते. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) वाइंडिंग तपासून घेतो, १ मेगाओमच्या खाली आलं तर हात जोडून परत येतो. आणि निदान वीस मिनिटं लाकूड कापत चालवायचं, नुसतं मोकळं नाही. विकणारा घाई करायला लागला की तिथनं निघायचं.

बाकीच्या, थोडक्यात

ब्लेडचं भोक बघा, २५.४ आणि ३० मिमी दोन्ही चालतात बाजारात, चुकीचा ब्लेड भोक जुळवणाऱ्या रिंगेशिवाय बसवू नका. डॅडो ब्लेड (रुंद खाच पाडायचा) लावायचा असेल तर आर्बरची लांबी आधी मोजा, बहुतेक पोर्टेबल सॉवर तो बसतच नाही. अमेरिकेतनं कुणी ११० व्होल्टचं मशीन आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. आणि खोली मोजा, आठ फुटी शीट ढकलायला ब्लेडच्या पुढं आठ आणि मागं आठ फूट मोकळी जागा लागते. दहा बाय बाराच्या खोलीत शीट आधी हातातल्या सर्क्युलर सॉनं जमिनीवर फोडा, मग टेबलावर न्या.

रायव्हिंग नाइफ काढून ठेवणं

ब्लेडच्या मागं उभी असलेली ती पातळ पट्टी. "आडवी येते" म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून ड्रॉवरमध्ये टाकतात. ४८०० आरपीएमवर दहा इंची ब्लेडचे दात ताशी २३० किलोमीटरनं फिरत असतात, आणि कापलेलं लाकूड मिटून मागच्या दातांना लागलं की त्याच वेगानं तुमच्याकडं येतं. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या मिस्त्रीच्या पोटावर १८ मिमी प्लायचा चौकोनी तुकडा असाच बसला, तीन आठवडे माणूस वाकू शकत नव्हता, आणि ती पट्टी तेव्हा खिळ्याला टांगलेली होती.

ब्लेड बदलताना पट्टीवर कोरलेली जाडी वाचा, ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या कापापेक्षा पातळ पाहिजे. २.४ मिमी काप करणारा पातळ ब्लेड घेतला आणि पट्टी २.५ ची असेल तर लाकूड तिथंच अडकणार, मग पोरगा वैतागून पट्टीच काढणार. परदेशात सॉस्टॉप म्हणून मशीन आहे, बोट लागलं की ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबवतं, पण किकबॅक (लाकूड असं उलटं अंगावर येणं) रोखायला त्यालासुद्धा रायव्हिंग नाइफच लागतो. जुन्या देशी कटर मशीनवर बऱ्याचदा ही पट्टी नसतेच, तेव्हा सौदा करताना आधी तिच्याबद्दल विचारा, आणि बसवायची सोयच नसेल तर ते मशीन माझ्याकडून तरी पास होणार नाही.