शटडाउनमध्ये क्रेडिट बिघडवणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेत सरकारी खर्चाला वेळेवर मंजुरी मिळाली नाही की सरकारी कामकाज थांबतं आणि कर्मचाऱ्यांचा पगार अडकतो, तो शटडाउन. २०१८-१९ च्या हिवाळ्यात तिथलं फेडरल (केंद्र) सरकार ३५ दिवस अंशतः बंद होतं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, म्हणजे ४३ दिवस. मेरिलँड-व्हर्जिनियातल्या आपल्या मंडळींची क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद, मी बरीच वर्षं बघून देतो, आणि दोन्ही वेळा तेच वाक्य कानावर आलं: "बॅक पे (अडकलेला पगार) मिळणारच आहे, मग काळजी कसली?"

पगार मागाहून मिळतो हे खरं. फेडरल कर्मचाऱ्यांना २०१९ च्या कायद्याने तो हक्कच दिलाय. पण हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला की कर्ज देणारी कंपनी ते क्रेडिट ब्युरोला, म्हणजे हे रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेला, कळवू शकते, आणि ती नोंद सात वर्षं रिपोर्टवर बसते. मागाहून सगळे पैसे भरले तरी ती आपोआप पुसली जात नाही.

फोनवर 'हो' म्हणाले म्हणून निर्धास्त राहणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती करणारी माणसं मुळात जबाबदार असतात.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ २०१९ च्या जानेवारीत फर्लोवर, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेवर होते. ड्यू डेटच्या आधीच त्यांनी गाडीच्या लोनवाल्यांना फोन केला. पलीकडच्या बाईंनी आपुलकीने ऐकून घेतलं आणि सांगितलं, जानेवारीचा हप्ता लोनच्या शेवटी टाकतो, काळजी करू नका. मात्र त्यासाठी एक फॉर्म ऑनलाइन सही करून पाठवायचा होता. त्याची ईमेल स्पॅममध्ये गेली. पगार सुरू झाल्यावर यांनी फेब्रुवारीचा हप्ता वेळेवर भरला, पण कंपनीच्या सिस्टमने तो आधी थकलेल्या जानेवारीत जमा केला. मार्चचा फेब्रुवारीत गेला. दर महिन्याला नेमाने पैसे भरूनही खातं सतत एक महिना मागे! घराचं रिफायनान्स (जुन्या कर्जाच्या जागी नवं कर्ज) करायला गेले तेव्हा हे कळलं.

त्यांनी घाईघाईने ब्युरोकडे ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला. ब्युरोने कंपनीला विचारलं, कंपनीने आपली नोंद बघून 'बरोबर आहे' म्हणून कळवलं, प्रकरण बंद. पुराव्याशिवाय दोन क्लिकमध्ये टाकलेल्या डिस्प्यूटचं बहुतेकदा हेच होतं. शेवटी आम्ही फर्लोचं पत्र आणि त्या कॉलची तारीख-वेळ दाखवणारं फोनचं बिल जोडून थेट कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र पाठवलं. त्यांनी कॉलचं रेकॉर्डिंग काढलं आणि तिन्ही ब्युरोकडे दुरुस्ती कळवली. यात कित्येक महिने गेले आणि रिफायनान्स हुकलं ते हुकलंच.

म्हणून माझी सवय अशी: फोन ठेवला की त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करून मेसेज टाकायचा. आज अमुक वाजता अमक्यांशी बोलणं झालं, असं ठरलं, लेखी दुजोरा द्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट विचारायच्या. व्याज चालू राहणार का? पुढे ढकललेला हप्ता शेवटी जोडणार की एकदम मागणार? आणि ब्युरोकडे खातं 'करंट' (काही थकलेलं नाही) म्हणून जाणार का? उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. कोविडच्या काळात सवलत दिलेलं खातं आधी करंट असेल तर करंटच दाखवायचं असं कायद्याने बंधन होतं. ती मुदत संपली, त्यामुळे तेव्हाच्या आठवणीवर विसंबू नका.

एक कार्ड पूर्ण फेडायचं आणि बाकीची सोडून द्यायची

कर्ज डोक्यावर नको, ही आपली घरची शिकवण. एरवी ती उत्तमच आहे. पण पगार बंद असताना काही जण पहिल्याच आठवड्यात साठवलेले पैसे मोठ्या कार्डावर रिकामे करतात आणि महिनाअखेरीला गाडीच्या हप्त्याला काही उरत नाही.

फायको स्कोअर, म्हणजे रिपोर्टवरून काढलेला तुमच्या पतीचा आकडा. त्यात वेळेवर पैसे भरण्याच्या इतिहासाला ३५ टक्के वजन आहे, एकूण देणं असलेल्या रकमांना ३० टक्के. कार्डावरची शिल्लक वाढली की स्कोअर पडतो, पण शिल्लक फेडली की बहुतेकदा वर येतो. उशिराची नोंद मात्र राहते. तेव्हा आधी घर, मग गाडी, आणि प्रत्येक कार्डावर निदान मिनिमम पेमेंट. महिना-दोन महिने कार्डावर व्याज पडेल, ते सोसा. ऑटोपे बंद करू नका, 'पूर्ण रक्कम' बदलून 'मिनिमम' करा आणि तेवढे पैसे खात्यात आहेत ना, ते बघा.

बाकीच्या चुका

पे-डे लोन, म्हणजे पुढच्या पगारापर्यंतचं छोटं महागडं कर्ज, घेऊच नका. दोन आठवड्यांसाठी १०० डॉलरला १५ डॉलर फी म्हणजे वर्षाला जवळपास ४०० टक्के. काही क्रेडिट युनियन (सभासदांच्या सहकारी पतसंस्था) शटडाउनसाठी बिनव्याजी कर्ज देतात, पण त्यासाठी पगार बहुतेकदा आधीपासून तिथे जमा होत असावा लागतो. शटडाउनच्या दिवशी खातं उघडायला धावून सहसा उपयोग नाही.

टीएसपीमधून (फेडरल कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती बचतीतून) हार्डशिप, म्हणजे आर्थिक अडचण, म्हणून काढलेले पैसे परत टाकता येत नाहीत, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर कराशिवाय सहसा त्या रकमेवर १० टक्के दंडही लागतो.

फर्लोवर असाल तर बेरोजगारी भत्त्याचा अर्ज करा. बॅक पे आला की तो परत करावा लागतो, म्हणून खर्चाचा हिशोब ठेवा. बिनपगारी कामावर बोलावलेल्यांना तो सहसा मिळत नाही.

'आठवड्यात क्रेडिट साफ करून देतो' म्हणत आगाऊ फी मागणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. आगाऊ फी घेणं कायद्यानेच बंद आहे.

सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय सरकारी कामासाठीची मंजुरी) असलेल्यांनी तर कागद जिवापाड जपावेत. तिथे थकबाकी बघतात तसंच हेही बघतात की अडचण हाताबाहेरची होती का आणि माणूस जबाबदारीने वागला का. तुमचे मेसेज आणि पत्रं हाच त्याचा पुरावा.

आयटीतली आपली बरीच मंडळी सरकारी कामावर कॉन्ट्रॅक्टर आहेत. २०१९ चा कायदा त्यांना लागू नाही, बुडालेला पगार बुडाला. त्यांनी कर्ज देणाऱ्या कंपन्यांना फोन करायला दुसऱ्या आठवड्याची वाट बघू नये.

पगार सुरू झाल्यावर ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवरून एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट काढा. दर आठवड्याला फुकट मिळतात. दोन महिन्यांनी पुन्हा काढा, आणि ज्या खात्याचा हप्ता पुढे ढकलला होता ते आधी बघा: खातं महिनाभर मागे तर दिसत नाही ना?