एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारं मूल: प्राथमिक शाळेत नोंदींवरून निर्णय कसे घ्यावेत

बडोद्याच्या प्राथमिक शाळांत माहितीची टंचाई नाही. हजेरी रोज ऑनलाइन भरली जाते, चाचण्यांचे गुण चढवले जातात आणि ते सगळं गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे राज्याच्या शालेय माहिती केंद्राकडे, जातं. तरी सोमवारी सकाळी तिसरीच्या वर्गात वजाबाकी पुढं न्यायची की दोन पावलं मागं यायचं, हे त्यातून कळत नाही. वर पाठवायची माहिती राज्यासाठी असते. वर्गासाठीची माहिती शाळेनं वेगळी ठेवायची, आणि ती फार लागत नाही.

रकाना आखण्यापूर्वी एवढंच विचारा: इथं आकडा वाईट निघाला तर आपण काय बदलणार? काहीच बदलणार नसू तर तो रकाना नको. ही चाळणी लावली की ‘वर्तन: चांगलं/मध्यम’ छापाचे निम्मे रकाने गळतात. पहिली ते पाचवीसाठी तीन नोंदी उरतात: हजेरी, एका मिनिटाचं वाचन आणि प्रश्नागणिक चुका.

तक्ता

एका मुलाची एक ओळ. सुरुवातीला जी.आर. नंबर (शाळेच्या जनरल रजिस्टरमधला मुलाचा क्रमांक), मग नाव. नुसत्या नावावर भिस्त ठेवू नका. एकच आडनाव मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि दोन याद्या जुळवताना एका मुलाची दोन मुलं होतात. संगणकावर काम असेल तर दोन खाने जोडून एक करू नका. पुढं क्रमवारी लावताना अडतं. क्रमवारी लावताना सगळा तक्ता निवडा. एकच रकाना निवडून लावली तर गुण एकाचे आणि नाव दुसऱ्याचं असा घोळ होतो, तो लक्षातही येत नाही. मूळ प्रत वेगळी ठेवलेली असावी ती यासाठीच.

गैरहजर मुलापुढं ‘गै’ लिहा, शून्य नव्हे. समजा वर्गात ३० मुलं आहेत, चाचणीला चार आली नाहीत आणि उरलेल्या २६ जणांचे मिळून ३९० गुण झाले. सरासरी १५. त्या चौघांपुढं शून्य मांडलं तर तीच सरासरी १३ होते. वर्ग होता तिथंच आहे, पण बैठकीत घसरणीचे खुलासे सुरू होतात.

हजेरी

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. म्हणजे हजेरीपट पाहून काहीतरी करायचं ही या गावाची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. आता दंड नाही, कारण शोधायचं असतं.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवसांची शाळा धरली आहे. त्यातले दहा टक्के म्हणजे २० दिवस, जवळजवळ एक महिना. तो बुडून गेल्यावर कळण्यात अर्थ नाही, म्हणून महिन्यात तीन दिवस बुडाले की नावापुढं खूण करा. मग किती दिवस हे सोडून कोणते दिवस ते बघा. सलग तीन असतील तर बहुधा ताप. दर सोमवार असेल तर रविवारी गावाला गेलेलं घर उशिरा परततंय. एरवी दुपारची शाळा आणि शनिवारी सकाळची असेल, आणि मूल फक्त शनिवारीच गळत असेल, तर त्याला वेळेवर कोणी उठवत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे. महिन्याच्या टक्केवारीत तिन्ही मुलं सारखीच दिसतात.

पटाच्या तळाशी शेऱ्याची एक ओळ ठेवा. नवरात्रात गरबा आटोपून मुलं मध्यरात्रीनंतर झोपतात. १४ आणि १५ जानेवारीच्या आसपास सगळं गाव पतंगासाठी गच्चीवर असतं. खानदेशातल्या घरांची मुलं दिवाळीच्या सुट्टीला पुढं-मागं चार दिवस जोडतात. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीच्या पुरानं शहर ठप्प झालं, तसे दिवसही तिथंच नोंदवा. हे दिवस खुणेच्या हिशेबात धरू नयेत आणि त्या आठवड्यांत चाचणीही ठेवू नये. गरब्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेली चाचणी मुलाची झोप मोजते.

एका मिनिटाचं वाचन

मुलानं आधी न पाहिलेला, सुमारे शंभर शब्दांचा उतारा घ्या. पाठ्यपुस्तकातला चालणार नाही, तो अर्धा तोंडपाठ असतो. एकाच पातळीचे तीन उतारे जूनमध्येच तयार ठेवा, कारण सप्टेंबरला तोच उतारा पुन्हा दिला तर आठवण मोजली जाईल.

मुलाला शेजारी बसवा, समोर नको. व्हरांड्याचा शांत कोपरा बरा. पहिला शब्द उच्चारला की घड्याळ सुरू करा. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगून टाका आणि चूक धरा. स्वतःहून दुरुस्त केलेला शब्द बरोबर. तुमच्या प्रतीवर चुकीचे शब्द खोडत जा, ६० सेकंदांना तिरकी रेघ मारा. वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा केले की आकडा मिळतो. मग पुस्तक मिटून चार साधे प्रश्न. एका मुलाला तीन मिनिटं लागतात, तीस मुलांना नव्वद. रोज सहा मुलं घेतली तर आठवड्यात वर्ग होतो आणि शिकवणं बंद पडत नाही.

केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानानं (२०२१) दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या अखेरीस निदान ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट दिलंय. ते समोर असू द्या, पण मराठीच्या आकड्याची हिंदी-इंग्रजीशी तुलना करू नका. ‘आजीच्या घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले तीन शब्द. हिंदीत तेच म्हणायला आठ-नऊ लागतात.

आकड्यापेक्षा चुकीची जात महत्त्वाची, म्हणून खोडलेल्या शब्दावर एक अक्षर लिहा: ‘का’ काना-मात्रेसाठी, ‘जो’ जोडाक्षरासाठी, ‘अं’ पहिलं अक्षर पाहून अंदाजानं ठोकलेल्या शब्दासाठी. उच्चाराची ढब चूक धरू नये. घरी हिंदी बोलणारं मूल ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणेल. गुजराती घरातलं मूल तिथं सहसा अडत नाही, गुजरातीतही ळ आहे.

वेग आणि समज शेजारीशेजारी ठेवून वाचा. मिनिटाला २० शब्द पण चारही उत्तरं बरोबर असलेल्या मुलाला मोठ्यानं वाचण्याचा सराव हवा. तोच छोटा उतारा तीन दिवस तीनदा. मिनिटाला ५० शब्द आणि उत्तर एकही नाही, अशा मुलाला आणखी वाचायला लावून काही होत नाही. मराठी माध्यमात बसलेलं पण घरी गुजराती किंवा हिंदी बोलणारं मूल बरेचदा असं असतं. एक प्रश्न त्याच्या भाषेत विचारून बघा. उत्तर आलं तर समज शाबूत आहे, मराठी शब्द कमी पडतायत.

मिनिटाला दहा शब्दांच्या आत असलेल्या मुलाला घड्याळ लावूच नका. त्याच्यासाठी ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतली उतरंड बरी: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. कुठल्या पायरीवर थांबतं तेवढंच लिहा. पुस्तकातून नीट वाचणारं मूल फळ्यावरून उतरवताना चुकत असेल, तर भाषेच्या उपायाआधी डोळे तपासून घ्या.

गणित: उत्तर चुकलं एवढं पुरत नाही

इथं शाळा सगळ्यात जास्त माहिती फेकून देते. ‘२५ पैकी ११’ असं चढवलं की चुकीची उत्तरं वहीत राहतात आणि वही घरी जाते. त्याऐवजी तक्त्यात दर प्रश्नाला एक रकाना ठेवा. बरोबर असेल तर टिक, चूक असेल तर मुलानं लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं.

५२ वजा २८ घ्या. उत्तर २४. ज्यानं ३६ लिहिलंय त्यानं दोन्हीकडं मोठ्यातून लहान आकडा काढला; त्याला दशक सोडवणं (एक दशक मोडून दहा एकक करणं) म्हणजे काय हेच माहीत नाही, काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात करावी लागेल. ज्यानं ३४ लिहिलंय त्यानं दशक सोडवला पण पाचाचा चार करायला विसरला. त्याला पाच खोडून वर चार लिहायची सवय लावली की आठवड्यात सुटतो. ८० लिहिणाऱ्यानं चिन्हच पाहिलं नाही. तिघांनाही शून्य गुण, आणि तिघांना एकच ‘उपचारात्मक वर्ग’ दिला तर दोघांचा वेळ वाया जातो.

प्रश्न निवडतानाही हे सांभाळा. ५२ वजा २७ दिलं तर पहिल्या चुकीनंही ३५ येतं आणि दुसऱ्या चुकीनंही ३५. एककांतला फरक पाच असला की असं होतं. सरावाला तो प्रश्न ठीक, निदानाला निरुपयोगी.

संख्यालेखनात दहा आकडे सांगा, त्यांत दोन ‘एकोण’वाले असू द्या. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारं मूल ‘तीस’ पकडतं आणि नऊ जोडतं. चूक तर्काला धरून आहे, म्हणूनच ती नुसत्या सरावानं जात नाही; ‘एकोण म्हणजे एक कमी’ हे मणीमाळेवर दाखवावं लागतं. गुजरातीतही ओगणत्रीस असंच चालतं, पण ८९ ला गुजराती घरात ‘नेव्यासी’ म्हणतात आणि मराठी वर्गात ‘एकोणनव्वद’. या एका आकड्यावर घुटमळणारं मूल गणितात कच्चं असेलच असं नाही.

लिपीचंही बघा. या शहरातलं मूल दिनदर्शिकेवर मराठी, दुकानाच्या पाटीवर गुजराती आणि फोनवर इंग्रजी अंक पाहतं. आपला एक आणि इंग्रजी नऊ, आपला चार आणि इंग्रजी आठ दिसायला जवळचे. गुजराती पाच तर शिरोरेघ नसलेल्या ‘प’सारखा. बेरीज चुकली असं ठरवण्याआधी मुलाला स्वतःचं उत्तर मोठ्यानं वाचायला सांगा. अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

तक्ता भरला की आधी उभा वाचा, मग आडवा. उभ्या रकान्यात निम्म्याहून जास्त वर्ग चुकला असेल तर तो भाग सगळ्यांना पुन्हा शिकवायचा, वेगळ्या साहित्यानं. पाच ते चौदा मुलं असतील तर गट. चारपर्यंत असतील तर बाकीचा वर्ग लिहीत असताना त्यांच्याशेजारी जाऊन बसायचं. एरवी सगळं सोडवणारी मुलंच एखाद्या प्रश्नाला चुकली असतील तर प्रश्न वाईट आहे. तो हिशेबातून काढा.

बैठक

पंधरवड्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर, चाळीस मिनिटं. तक्ते आधी भरलेले हवेत. बैठकीत गुण भरायला बसलं की निर्णय पुढच्या पंधरवड्यावर जातो. एका वर्गासाठी दोनच निर्णय घ्या आणि वहीत पाच गोष्टी लिहा: कोणती मुलं, काय करायचं, कोण करणार, किती दिवस, पुन्हा तपासणी कधी. ‘कच्च्या मुलांकडं जास्त लक्ष द्यावं’ हा निर्णय नव्हे. ‘तिसरीतली सात मुलं, रोज प्रार्थनेनंतर २० मिनिटं, गठ्ठ्यांनी वजाबाकी, वर्गाच्या बेन (बाई) घेतील, १५ दिवस, सोळाव्या दिवशी पाच गणितं’ हा निर्णय.

तपासणीत फरक दिसला नाही तर पद्धतीवर खापर फोडण्याआधी गट किती दिवस बसला ते मोजा. पंधरापैकी सहाच दिवस बसला असेल, बाकी दिवस सर्वेक्षणात किंवा स्पर्धेच्या तयारीत गेले असतील, तर उपाय अजून झालेलाच नाही.

छोट्या वर्गात टक्केवारी फसवते. २२ मुलांपैकी १५ वाचणारी म्हणजे ६८ टक्के, १६ म्हणजे ७३. पाच टक्क्यांची प्रगती ऐकायला छान, पण ती एका मुलाची आहे, आणि ते मूल दुसऱ्या शाळेतून आलेलं असू शकतं. मुलं मोजा, टक्के वरच्या अहवालापुरते ठेवा.

गटांना हुशार-कच्चे अशी नावं नकोत आणि दर चार-सहा आठवड्यांनी गट मोडून पुन्हा बांधा. यादी भिंतीवर लावू नये, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. आधार क्रमांक, जात, घरचं उत्पन्न या तक्त्यात नको. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला वेगळं संरक्षण दिलंय. पालकांना फक्त त्यांच्या मुलाची ओळ दाखवा, आणि गुणांऐवजी दोन वाचनं: ‘ताई, जूनमध्ये हा मिनिटाला १८ शब्द वाचत होता, आता ३१ वाचतो. जोडाक्षराला अडतो. रोज रात्री दहा ओळी तुमच्याजवळ बसून वाचू दे, तुम्ही फक्त ऐका.’ ज्या आईला मराठी वाचता येत नाही तिलाही हे जमतं.

दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर वाचन थोडं घसरलेलं असतं. पहिला आठवडा जाऊ द्या, मग मोजा.

एप्रिलमध्ये पुढच्या वर्गशिक्षकाला गुणपत्रकासोबत दर मुलामागं दोन ओळी द्या: ‘जी.आर. ४१२. मिनिटाला ४४ शब्द, समज चांगली. रफार चुकतो. दशक सोडवतो पण खोडायला विसरतो. शनिवारी येत नाही, आजीला सांगितलं की येतो.’