म्हाताऱ्या आई-बाबांची जळजळ: तिखट बंद केलं, तरी आग का जात नाही? या चुका टाळा

छातीत आग पडते म्हटलं की घरात पहिली बंदी येते मिरचीवर. ठेचा बंद, लोणचं बंद, आजीच्या ताटात फिकं वरण. आठ दिवसांनी पाहावं तर करपट ढेकर तेच आणि रात्री घशाशी येणारं आंबट पाणीही तेच. मिरचीने काहींना त्रास होतोच, पण म्हातारपणातल्या जळजळीत ती बहुतेक वेळा एकटी गुन्हेगार नसते. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं चुंबळीसारखं वेटोळं असतं. वयाबरोबर ते ढिलं पडतं आणि जठरातलं आम्ल वर सरकतं. शिवाय लाळ कमी झालेली असते, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुऊन जात नाही. म्हणून ताटातल्या मिरचीआधी जेवणाची वेळ, झोपायची बाज, कमरेची गाठ आणि गोळ्यांची पिशवी तपासा.

जिवावर बेतणारी चूक: प्रत्येक आग म्हणजे पित्तच

हृदयविकाराचा झटकाही छातीत जळजळ, मळमळ, ढेकर अशा रूपात येतो. वृद्धांमध्ये, बायकांमध्ये आणि शुगरच्या पेशंटमध्ये तर छाती दुखल्याशिवायही येतो. चालताना किंवा जिना चढताना जळजळ वाढते आणि बसल्यावर थांबते, दरदरून घाम येतो, धाप लागते, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात कळ जाते, यातलं एकही असेल तर सोडा, लिंबू, ओवा काही देत बसू नका. १०८ ला फोन करा. अशा वेळी मोटारसायकलवर मधे बसवून नेणं धोक्याचं आहे. ढेकर आली आणि बरं वाटलं, एवढ्यावर हृदय ठीक आहे असं ठरत नाही.

रात्रीचं जेवण पोराची वाट पाहत

खेड्यात ही चूक घरोघरी आहे. पंपाची लाइन रात्रीची, पोरगा वावरातून नऊ-साडेनऊला येतो आणि तोवर आई जेवत नाही. मग दहाला जेवण आणि सव्वादहाला आडवं होणं. जेवण जठरातून पुढे सरकायला दोन-तीन तास तरी लागतात, जेवण तेलकट असेल तर जास्तच. भरलं जठर आडवं केलं की ढिल्या वेटोळ्यातून आम्ल वर येणारच.

आईला सातला जेवू घाला. तुम्ही जेवाल तेव्हा सोबत बसायला तिला कोणी नाही म्हणणार नाही, फक्त ताट नको. झोपणं आणि जेवण यात तीन तास असावेत. रात्रीचं जेवण दिवसातलं सगळ्यात हलकं हवं, आणि दोन मोठ्या जेवणांऐवजी चार छोटी चालतील. दुपारी जेवून लगेच पडायची सवय असेल तर बाजेऐवजी भिंतीला टेकून बसवा. जेवल्या जेवल्या खाली वाकून भांडी घासणं, झाडणं, सारवणं हेही तासभर टाळा; वाकलं की पोट दाबलं जातं. नऊवारीची किंवा धोतराची गाठ आणि करदोडा कमरेत रुतत असेल तर तो दाबही तसाच. गाठ दोन बोटं सैल करा.

उशा वाढवणं

डोकं उंच करायला सांगितलं की घरचे एकावर एक तीन उशा लावतात. त्याने मान वाकते, पोटात घडी पडते आणि आम्ल उलट जोरात वर येतं. उंच करायची ती अख्खी बाज. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली सहा ते आठ इंचांची उंची द्या. विटा ठेवणार असाल तर त्या हलत नाहीत ना हे हाताने ढकलून पाहा. लाकडी ठोकळ्याला वरून खळगा पाडून घेतला तर पाय सरकत नाही. दोरीची बाज मधे झोळीसारखी खोल गेली असेल तर आधी दोरी ओढून ताणून घ्या, नाहीतर उंची देऊनही माणूस मधल्या खळग्यात घडी होऊनच झोपतो. पहिल्या रात्री आजी खाली घसरते म्हणून कुरकुर करेल. पायाशी एक गुंडाळलेली गोधडी अडकवा. डाव्या कुशीवर झोपल्याने आम्ल कमी वर येतं, उजव्या कुशीवर जास्त. रात्री उठून जायचं असेल तर बाजेची बदललेली उंची लक्षात राहावी म्हणून पहिले काही दिवस दिवा चालू ठेवा. पडून खुबा मोडणं जळजळीपेक्षा फार महाग पडतं.

मिरची काढली, तर्री ठेवली

तेल-तूप जठर रिकामं व्हायला उशीर करतं आणि ते वेटोळंही सैल करतं. त्यामुळे बिनतिखटाची पण तेलात पोहणारी वांग्याची भाजी तिखट भाजीइतकीच भोवते. रस्सा पाच मिनिटं न हलवता ठेवा, तर्री वर येईल, पळीने काढून बाकीच्यांच्या वाटीत टाका. भजी, वडा-भातावरचं कच्चं तेल, रात्रीचं बेसन आणि पाटवडी आठवड्यातून कधीतरी, तेही दुपारी. तुरीच्या घट्ट वरणाने गॅस होत असेल तर रात्री मुगाची डाळ, एक चहाचा चमचा तेलात जिरं-हिंगाची फोडणी, लसूण कमी.

रात्रीसाठी ज्वारीच्या कण्यांना तोड नाही. अर्धी वाटी कण्या चार तास भिजवा, अडीच-तीन वाट्या पाण्यात मीठ घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवा, लागेल तसं गरम पाणी घाला, दाणा बोटाने चुरला पाहिजे. वरून अर्धा चमचा तूप पुरे. ताक घालायचं तर त्याच दिवशीचं, गोडसर आणि पातळ. इथेच गडबड होते: सकाळच्या उरलेल्या कण्या ताकात कालवून संध्याकाळी दिल्या की त्या आंबतात, आणि मग कण्यांनी पित्त होतं असा शिक्का बसतो.

दात नसतील तर भाकर न चावताच गिळली जाते. ती वरणात दहा मिनिटं कुस्करून ठेवा. लवकी, दोडकं, ढेमसं, कोहळं बहुतेकांना सोसतात. अंबाडी, चिंच, टोमॅटो, आणि संत्र्याच्या हंगामात दिवसभर सोलून खाल्लेली संत्री यांचा त्रास होतो का ते एकेक करून पाहा. एकाच वेळी दहा पदार्थ बंद केले तर कोणता नडत होता ते कधी कळत नाही, आणि म्हातारं माणूस खाणंच सोडतं. सत्तरीत वजन उतरलं की ते परत चढवणं अवघड असतं.

चहा उठल्याबरोबर रिकाम्या पोटी नको. आधी मूठभर लाह्या किंवा भाकरीचा तुकडा. दिवसाला दोन अर्धे कप. खर्रा आणि तंबाखूचं काय करायचं ते बाबांना माहीत असतं, ते फक्त ऐकत नाहीत. निकोटिनने ते वेटोळं सैल होतं, म्हणून निदान जेवणानंतरचा आणि झोपण्याआधीचा खर्रा सुटला तरी रात्री फरक पडतो.

घरगुती म्हणून निर्धोक समजणं

खायचा सोडा एक चहाचा चमचा घेतला तर त्यात सुमारे तीन ग्रॅम मिठाइतकं सोडियम जातं. बीपी, हृदय किंवा किडनीचा पेशंट असेल तर हे रोज चालणार नाही. पाण्यात फसफसणाऱ्या पुड्यांतही सोडाच असतो.

गार दूध दोन घोट प्यायलं की बरं वाटतं, पण अर्ध्या-एक तासाने जठर पुन्हा आम्ल सोडतं. म्हशीचं साईसकट दूध रात्री पेलाभर दिलं तर त्यातलं तूपही नडतं. पुदिना थंड लागतो, पण वेटोळं सैल करतो. ज्येष्ठमध रोज चघळल्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं; लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अजिबात नको. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर हे रेचक आणि खडीसाखर दोन्ही भरपूर असतात, म्हणजे जुलाब आणि शुगर अशी दोन्हीकडून अडचण. लिंबू-मधाचं गरम पाणी तर जळत्या जागेवर आंबट ओतणंच.

मग करावं काय? जेवणानंतर अर्धा चमचा बडीशेप चावून खाणं, रात्री एक चमचा धणे पेलाभर पाण्यात भिजवून सकाळी गाळून पिणं, साळीच्या लाह्या भिजवून खाणं. यांनी नुकसान नाही, काहींना आराम पडतो. यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

गोळ्यांची पिशवी न उघडणं

गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, हृदयासाठीची ॲस्पिरिन, लोहाच्या गोळ्या यांनी जठर किंवा अन्ननलिका सोलवटते. बीपीच्या अम्लोडिपिनसारख्या गोळीने वेटोळं सैल पडू शकतं. ॲस्पिरिन आणि बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गुडघ्याच्या गोळीला पर्याय मात्र विचारा. हाडांसाठीची आठवड्याची अलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास ताठ बसून. घोटभर चहासोबत घेऊन परत आडवं झालं तर ती अन्ननलिकेला चिकटून जखम करते.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आग पडल्यावर घेतल्या जातात. त्या नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या, तेव्हाच नीट लागू पडतात. वर्षानुवर्षे चालू असतील तर बी-१२ तपासून घ्या. एकदम सोडल्या तर आम्ल उसळून जळजळ दुप्पट वाटते, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. जोडीला डॉम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषध असलेली कॅप्सूल बरेच वृद्ध वर्षभर घेतात. साठीनंतर तिने हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो.

दुर्बिणीच्या तपासणीला घाबरून थांबणं

म्हातारपणी आतली जखम मोठी असली तरी आग कमी जाणवू शकते. म्हणून घास अडकणं, वजन उतरणं किंवा तपासणीत अंगातलं रक्त (हिमोग्लोबिन) कमी निघणं असं असेल तर दुर्बिणीने तपासणी (एन्डोस्कोपी) करून घ्या. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते ठरवणं डॉक्टरांवर सोडा.

या तपासणीसाठी नागपूर, यवतमाळ किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात आधी चौकशी करून निघा. सगळ्या गोळ्या पाकिटांसकट सोबत घ्या. पोट सहसा सहा ते आठ तास रिकामं लागतं, त्यामुळे पहाटेच्या बसआधी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि स्टँडवर कोणी मायेने अर्धा कप चहा पाजणार नाही याकडे लक्ष ठेवा, नाहीतर तपासणी दुसऱ्या दिवसावर जाते.