रोजची ड्युटी आणि वावरातली ट्रॉली: दोन्हीसाठी एकच गाडी कशी निवडावी

आमच्या आर्वी–पुलगाव पट्ट्यात सकाळी माणूस ज्या गाडीने ड्युटीवर जातो, त्याच गाडीकडून संध्याकाळी त्याला वावरातलं काम हवं असतं. फवारणीचं पाणी न्यायचं असतं, ढेपेची पोती आणायची असतात, कधी कुटार, म्हणजे गुरांचा भुसा. ट्रॅक्टर सगळ्यांकडे नसतो. भाड्याचा ट्रॅक्टर ऐन फवारणीच्या आठवड्यात सांगितल्या वेळेला येत नाही. म्हणून घरच्या गाडीला मागे हूक लावून छोटी दोनचाकी ट्रॉली ओढायची, हा विचार बरोबरच आहे. पण गाडी घेताना बहुतेक जण इंजिनात दम किती एवढंच विचारतात. किती वजन ओढायचं आणि ते उतारावर थांबणार कसं, हा प्रश्न राहून जातो.

माझाही राहिला होता. मी पुढच्या चाकांवर चालणारी एक जुनी छोटी एसयूव्ही घेतली आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून हूक लावून घेतला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ५०० लिटरची टाकी भरून नाल्याच्या चढावर गेलो. पुढची चाकं जागेवर फिरू लागली. मी क्लच अर्धा दाबून पुढे-मागे करत राहिलो आणि पाच मिनिटांत केस जळल्यासारखा वास गाडीभर पसरला. शेवटी गाडी टोचन करून तालुक्याला न्यावी लागली. मिस्त्रीने प्लेट काढून हातात दिली. काठ काचेसारखा चकचकीत झाला होता, रिव्हेट वर आले होते. तो म्हणाला, “भाऊ, इंजिनले काई झालं नाई. किलच जयला. ह्या गाडीचं हे कामच नोयतं.” खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दिवसानंतर शिकलेल्या आहेत.

पहिली पायरी: वही घ्या, वजन आणि दिवस लिहा

शोरूमला जाण्याआधी वर्षभराचा हिशेब मांडा. कोणत्या महिन्यात काय ओढायचं, किती फेऱ्या, किती किलो. पाण्याचा हिशेब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो. युरियाची बॅग ४५ किलोची, डीएपीची ५०. कुटार वजनाला हलकं, पण ट्रॉलीवर उंच रचलं की वारा धरतं. बाजारात न्यायचा कापूसही तसाच. माझं मत स्पष्ट आहे: कापूस विकायला नेणं हे घरच्या गाडीचं काम नाही. वर्षात दोन-तीन फेऱ्या असतात, त्या भाड्याच्या गाडीने करा. त्या दोन फेऱ्यांसाठी मोठी गाडी घेऊन उरलेले तीनशे दिवस तिचं डिझेल भरत बसू नका.

ट्रॉलीचं स्वतःचं वजन लोक हमखास विसरतात. लोखंडी पत्र्याची छोटी दोनचाकी ट्रॉली रिकामीच तीन-साडेतीनशे किलो भरू शकते. ट्रॅक्टरची ट्रॉली तर रिकामी असतानाच टनाच्या पुढे जाते, ती कुठल्याही घरगुती गाडीला लावू नये.

दुसरी पायरी: धर्मकाट्यावर जा

अंदाज नको. ज्या ट्रॉलीचा विचार आहे ती नेहमीच्या मालाने भरा, जिनिंगजवळच्या धर्मकाट्यावर न्या, गाडीपासून सोडवा आणि एकटी ट्रॉली मोजा. पावती जपून ठेवा.

मग दांडीचं, म्हणजे ट्रॉली जिने हुकाला जोडतात तिचं, हुकावर पडणारं वजन काढा. सपाट जागेवर ट्रॉली उभी करा, चाकांना दगड लावा. दांडीचं टोक हुकाच्या उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा घ्या, तो माणूस वजन करतो त्या काट्यावर ठेवा आणि त्यावर दांडी टेकवा. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तिथे यायला हवा. ६०० किलोची ट्रॉली असेल तर ६० किलोच्या आसपास. त्याहून फार कमी आलं, म्हणजे माल चाकांच्या मागे जास्त आहे. अशी ट्रॉली रस्त्यावर वेग घेतला की शेपटासारखी डोलते आणि गाडीचं मागचं टोकही घेऊन जाते. माल थोडा पुढे सरकवला की हे थांबतं.

आता ब्रेकचं गणित. आपल्याकडच्या छोट्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, त्यामुळे ट्रॉलीचा सगळा रेटा गाडीच्याच ब्रेकवर येतो. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला जास्तीत जास्त ७५० किलोची मर्यादा आहे, आणि तो गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जड नसावा असा तिथला दंडक आहे. मी तोच पाळतो. दीड टनाच्या गाडीमागे ७५० किलो, ट्रॉली धरून. म्हणजे साडेतीनशे किलोच्या ट्रॉलीत पाणी ४०० लिटरच. माझी ५०० लिटरची टाकी पहिल्या दिवसापासूनच चुकीची होती.

टाकीबद्दल आणखी एक गोष्ट. अर्धी भरलेली मोठी टाकी भरलेल्या टाकीहून त्रासदायक असते. नाल्यावरच्या रपट्याच्या उतारावर ब्रेक दाबला की आतलं पाणी पुढे धावतं आणि गाडी थांबत आली असताना मागून दुसरा धक्का बसतो. २०० लिटरचे दोन ड्रम झाकण लावून घट्ट बांधा. एक रिकामा झाला तरी दुसरा भरलेलाच राहतो, पाणी हिंदकळायला जागा कमी मिळते.

तिसरी पायरी: रस्त्यावरची सगळ्यात वाईट जागा पाहा

डांबरी रस्त्यावर कुठलीही गाडी ओढते. खरी परीक्षा पांदणीत, म्हणजे वावरात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर होते. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडला की टायरच्या खाचा दहा पावलांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकांना जोर असला तरी चारही चाकं फिरत बसतात. त्यामुळे केवळ पावसाळ्यासाठी म्हणून फोर बाय फोरचे जास्तीचे पैसे मोजण्याआधी विचार करा. मी ट्रॉली मुरमाच्या रस्त्यावर सोडतो आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकल्याशिवाय, आत नेत नाही. ज्यांची वाट मेळघाटातल्या चढणींची आहे, किंवा नाला ओलांडल्याशिवाय ज्यांना वावरच गाठता येत नाही, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी फोर बाय फोर जरूर घ्यावी, पण त्यात लो गिअर (गाडी हळू पण जास्त जोराने चालवणारा) आहे ना हे पाहून. चढावर ट्रॉलीसकट गाडी निघताना क्लच वाचवतो तो लो गिअरच.

चौथी पायरी: गाडीची बांधणी

इथे मात्र घाई करू नका.

वेगळी चेसिस असलेली गाडी ओढकामाला बरी, कारण हुकाचा ताण थेट लोखंडी फ्रेमवर जातो. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इसुझुची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स या त्या जातीतल्या. शहरात चालणाऱ्या बऱ्याचशा छोट्या एसयूव्हींची बॉडी आणि चेसिस एकच असते. त्या रोजच्या प्रवासाला आरामशीर, पण कंपनीने ओढायची परवानगी आणि हुकाची जागा दिली नसेल तर त्यांना ट्रॉली लावू नये.

जोर मागच्या चाकांना हवा. दांडीचं वजन मागे पडलं की गाडीचं नाक किंचित उचललं जातं. पुढच्या चाकांची गाडी असेल तर नेमक्या चढावर तिची पकड कमी होते. माझं जे झालं ते हेच. मागच्या चाकांच्या गाडीत तेच वजन पकड वाढवतं.

माहितीपत्रकात हॉर्सपॉवरच्या शेजारी टॉर्कचा, म्हणजे ओढायच्या जोराचा, आकडा असतो, तो वाचा, आणि तो किती आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो तेही. बोलेरोचं १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन २१० न्यूटन मीटर देतं, १६०० आरपीएमपासूनच. ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे महामार्गावर ओव्हरटेक करताना धीर लागतो, पण ६००-७०० किलोची ट्रॉली पहिल्या गिअरमध्ये निमूट उचलते. स्कॉर्पिओ क्लासिकचं २.२ लिटर डिझेल ३०० देतं, व्ही-क्रॉसचं १.९ लिटर ३६०.

पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही पाहा. थ्री-डोअर थारचं २४५० मिलिमीटर, बोलेरोचं २६८०, व्ही-क्रॉसचं ३०९५. अंतर जितकं जास्त तितकी ट्रॉली ओढताना गाडी कमी डगमगते. पण व्ही-क्रॉस सव्वापाच मीटरहून लांब आहे. ती बाजारच्या दिवशी पुलगावच्या गल्लीत वळवून पाहा, मग ठरवा. व्ही-क्रॉससारख्या डबल कॅबिन पिकअपचा एक मोठा फायदा मात्र मान्य करायला हवा. तीन-चारशे किलोचा माल मागच्या हौद्यातच मावतो, ट्रॉलीची गरजच बऱ्याचदा संपते.

ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाचा जोर तेलातून पुढे देणारी) घ्या, हळू ओढताना ती क्लचसारखी जळत नाही. एएमटीत (आपोआप गिअर बदलणाऱ्या स्वस्त प्रकारात) मात्र आत साधाच क्लच असतो, तिने हे काम करू नये.

पाचवी पायरी: रोजच्या प्रवासाचा हिशेब

जाऊन-येऊन ५० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १२५० किलोमीटर. लिटरला १२ देणाऱ्या गाडीला १०४ लिटर लागतं, १८ देणाऱ्या गाडीला ७० च्या आत. महिन्याला ३५ लिटरचा फरक. डिझेल ९० रुपये धरलं तर तीन हजारांच्या वर, वर्षाला ३८ हजारांच्या घरात. आता पहिल्या पायरीची वही उघडा. ओढायचे दिवस वर्षाला दहा-बाराच निघाले, तर एवढ्या पैशात भाड्याची ट्रॉली आरामात येते. तुम्ही जास्त मायलेजची साधी गाडी घ्या आणि हूक विसरा. दिवस तीस-चाळीसच्या पुढे गेले तरच दोन्ही कामांची गाडी परवडते.

नवी घेणार असाल तर कराचा फरक पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्याहून मोठ्यांवर ४०. बोलेरो या पहिल्या गटात बसते.

बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या डिझेल गाड्यांमध्ये धूर गाळणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला इंजिन चांगलं तापून काही वेळ एकसारख्या वेगात चालावं लागतं. पंचवीस किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर ते आपोआप होतं. पण शाळा किंवा ऑफिस चार-पाच किलोमीटरवरच असेल, तर डीपीएफ वारंवार चोंदतो.

सहावी पायरी: कागद

शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा: “या मॉडेलला किती वजनाची ट्रॉली ओढायची कंपनीची परवानगी आहे?” तोंडी “चालते हो साहेब” याला किंमत नाही. मॅन्युअलमधलं ते पानही पाहा. आरसीवरचं एकूण वजन वाचा. माणसं, सामान आणि दांडीचा भार मिळून त्याच्या पुढे जायला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत, म्हणून हूक लावण्याआधी आरटीओत विचारा. ट्रॉलीचीही नोंदणी लागते, आणि कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रॉलीच्या मागे दिसला पाहिजे. विमा कंपनीला कळवा. अपघात झाला की सर्वेअर आधी हुकाकडेच पाहतो. आणि पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीने शेजाऱ्याचा माल भाड्याने वाहू नका, कितीही जवळचा असला तरी.

सातवी पायरी: चालवून पाहा, दुपारीच

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला घ्या, एसी चालू ठेवा, चार धडधाकट माणसं बसवा आणि चढावर थांबवून पुन्हा उचला. तापमानाचा काटा मधून वर सरकतो का, क्लच अगदी वर येऊन पकडतो का, ते बघा.

जुनी घेत असाल तर आडवं होऊन खाली पाहा. मागच्या स्प्रिंगचे पाटे सपाट झालेले, हुकाजवळच्या वेल्डिंगला केसासारखी चीर, चेसिसवर नव्याने मारलेला काळा रंग, यातलं काहीही दिसलं तर त्या गाडीने आधीच कुणाच्या तरी ट्रॉल्या भरपूर ओढल्या आहेत. भाव कितीही कमी सांगितला तरी परत या.

हूक बसवताना

हूक चेसिसला नटबोल्टने बसवा, बंपरला वेल्डिंगने नको. दांडी जोडल्यावर ट्रॉली जमिनीला समांतर दिसली पाहिजे. पिनेला क्लिप हवीच. शिवाय दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींवर फुलीसारख्या ओढून गाडीला अडकवा, म्हणजे पिन निसटली तरी दांडीचं टोक रस्त्यात न घुसता साखळ्यांवर अडतं. ट्रॉलीला ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर लावा. संध्याकाळच्या धुळीत मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ट्रॉली दिसतच नाही. भरल्या ट्रॉलीने ४० च्या पुढे जाऊ नका. वेग ४० चा ६० केला तर थांबवायला लागणारा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो.

पहिल्या फेरीनंतर, साधारण ५० किलोमीटर झाले की, पान्हा घेऊन हुकाचे सगळे नट पुन्हा आवळा. माझ्या आताच्या गाडीचे चारपैकी दोन नट अर्धा आटा ढिले झालेले सापडले होते.